आबांचा हात

"मोठा नको बापू, हात भरून येते." दहा इंची टॅब खाटेवर ठेवून आबांनी माझा जुना सात इंची उचलला.

कापसाच्या बोंडांनी ओरखडलेली बोटं. डाव्या हातात टॅब पोथीसारखा धरला, उजव्याने अक्षर मोठं केलं आणि यवतमाळचा कापसाचा भाव वाचला. चष्म्याशिवाय!

खरं तर सात इंची पडदा क्षेत्रफळाने दहा इंचीच्या जेमतेम अर्धा. ॲपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्सनी २०१० साली हा आकार मोडीतच काढला होता. २०१२ मध्ये त्यांच्याच कंपनीने ७.९ इंचांचा आयपॅड मिनी आणला.

मी मात्र आबांसाठी हौसेने मोठाच घेऊन आलो. दुकानात त्यांचा हात आठवलाच नाही.

उद्या बदलून आणतो. तुमच्याकडची म्हातारी माणसं कोणता वापरतात?