मंगलदास मार्केट, मीटरपट्टी आणि येत्या गोधड्या

गोधडीसाठी बाजारात जाताना पैशांपेक्षा आधी जुने कापड बरोबर घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. म्हणून मुंबईला जायचे ठरले की आम्ही तिघी मैत्रिणी आपापल्या पेटीतली जुनी लुगडी, धोतरे, सदरे बाहेर काढतो आणि प्रत्येकाचा हातभर तुकडा इस्त्री करून, नवे कापड त्याच्याशी जुळवून पाहायला, पिशवीत ठेवतो. या वेळी माझ्याकडे सासूबाईंच्या सुती इरकलीचा गडद जांभळा तुकडा होता. शेजारच्या काकूंकडे नातवाच्या बारीक रेघांच्या सदऱ्यांचे तुकडे होते, कारण तो वसतिगृहात राहायला जाणार आहे आणि त्याच्यासाठी त्यांना गोधडी करायची आहे. आमच्यातल्या सर्वांत धाकटीला भाचीच्या बाळासाठी दुपटे शिवायचे असल्याने तिने आईची विरळ झालेली पांढरी साडी घेतली होती.

सकाळी पुण्याहून डेक्कन क्वीनने निघालो आणि डायनिंग कारमध्ये टेबल मिळाल्याबरोबर चौकटीची वही उघडली. एका माणसाची गोधडी 60 इंच रुंद आणि 90 इंच लांब धरली आणि शिवून झाल्यावर 5 इंचांचा राहील असा चौकोन घेतला, तर आडवे 12 आणि उभे 18, असे 216 चौकोन लागतात. शिवणीत चारही बाजूंनी पाव-पाव इंच जात असल्यामुळे चौकोन साडेपाच इंचांचा कापावा लागतो आणि 44 इंच पन्ह्याच्या कापडात दोन्ही काठ सोडून एका ओळीत असे 7 चौकोन बसतात. अर्धा मीटर कापड घेतले तर तीनच ओळी निघतात आणि खाली तीन इंचांची निरुपयोगी पट्टी उरते, पण 60 सेंटिमीटर घेतले तर पूर्ण चार ओळी, म्हणजे 28 चौकोन मिळतात; शिवाय धुतल्यावर सुती कापड थोडे आटते, ते आटणेही त्यात सामावते. अशी आठ कापडे घेतली की 224 चौकोन हाती येतात आणि जेवढे जुने कापड त्यात घालायचे असेल, तेवढे नवे कमी घ्यायचे.

मंगलदास मार्केट रविवारी बंद असते, हे बाहेरगावाहून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून क्रॉफर्ड मार्केटवरून, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडईवरून, चालत गेलो तरी तिथे सहज पोहोचता येते. छपराखालच्या त्या अरुंद गल्ल्यांत दोन्ही बाजूंना छतापर्यंत ताके रचलेले असतात आणि दिव्यांच्या उजेडात रंग फसवे दिसतात. त्यामुळे पसंत पडलेले कापड, दुकानदाराला विचारून, गल्लीच्या तोंडाशी उन्हात नेऊन पाहिल्याशिवाय आम्ही कापायला सांगत नाही.

पहिल्याच दुकानात काकूंनी विचारले, "भाऊ, साठ सेंटिमीटर द्याल का?" त्यावर दुकानदार म्हणाला, "काकू, मीटरच्या खाली कापत नाही हो." त्याचेही बरोबर आहे, कारण ताक्याच्या शेवटी उरलेला तुकडा कोण घेणार? मग आम्ही तिघींत मिळून एक मीटर ऐंशी मागितले आणि त्याने हसत कात्री उचलली. मैत्रिणींबरोबर कापड घेण्याचा खरा फायदा इथे कळतो. एकटीला जे कापड मीटरभर घ्यावे लागले असते, ते प्रत्येकीला हवे तेवढेच मिळते आणि त्याच पैशांत निवड दीडपटीहून जास्त होते.

सर्वांत जास्त वेळ अजरखीत, म्हणजे कच्छकडच्या लाकडी ठशांनी छापलेल्या कापडात गेला. अजरख म्हणून विकले जाणारे पुष्कळसे कापड यंत्रावर छापलेले असते आणि ते स्वस्तात हवे असेल तर घ्यायला हरकत नाही, पण हाताचा ठसा हवा असेल तर कापड पसरून एका ठशाला दुसरा ठसा जिथे भिडतो ती जागा शोधावी. तिथे रेघ केसभर सरकलेली किंवा रंग किंचित दाटलेला दिसतो. यंत्राच्या छपाईत ती चूक सहसा नसते. अजरखीचा काळा रंग लोखंड आणि गूळ आंबवून करतात आणि त्यातल्या लोहामुळे काही वर्षांनी काळ्या जागेचा धागा सर्वांत आधी विरतो. म्हणून सर्वांत जास्त घासल्या जाणाऱ्या उशाकडच्या कडेला मी काळी अजरख लावत नाही. तिथे निळी लावते. कच्छमध्ये 2001 च्या भूकंपानंतर धमडका या अजरखीच्या गावात पाण्यातले लोह वाढून रंग बिघडू लागले आणि ही छपाई करणाऱ्या अनेक खत्री कुटुंबांनी अजरखपूर हे नवे गाव वसवले, हे आठवले की या कापडात पाण्याचे केवढे काम असते, ते उमगते.

दुपट्यासाठी अजरख आम्ही मुद्दाम टाळली. बाळ कापड तोंडात घालते, तेव्हा रंग सुटणारे काहीही नको. धाकटीने पांढऱ्या जमिनीवरची बारीक फुलांची सांगानेरी मलमल घेतली. फुलाफुलांच्या आणखी तीन ताक्यांकडे तिचे हात वळत होते, तेव्हा काकू म्हणाल्या, "अगं, सगळीच फुले बोलायला लागली तर ऐकणार कोण? एखादे साधे घे." काकूंचे हे म्हणणे मला पूर्णपणे पटते. बाजारात प्रत्येकाची नजर नक्षीवर जाते. साधे, फिके, एकरंगी कापड मात्र कोणी मागत नाही आणि गोधडी उठून दिसते ती त्याच्याच जोरावर. निवडलेले तुकडे शेजारी-शेजारी ठेवून मोबाईलवर त्यांचे काळे-पांढरे छायाचित्र काढले की गडद कोणते आणि फिके कोणते, हे लगेच कळते. माझी जांभळी इरकल आणि आवडलेली मरून कलमकारी अशा छायाचित्रात अगदी एकसारखी दिसली, म्हणून कलमकारी परत ठेवून मी बदामी पॉपलिन घेतले.

खालच्या थरासाठी मांजरपाट सव्वापाच मीटर घेतले. दोन पन्हे जोडले की रुंदीला पुरून एका बाजूने पट्टी उरते आणि चारही कडांचा गोट त्यातूनच निघतो. मांजरपाटातली खळ निघेपर्यंत ते कोमट पाण्यात धुवावे लागते, नाहीतर सुई अडते. मधल्या थराला आम्ही बाजारचे काही घेत नाही. दुहेरी जुनी सुती साडी घातली की धावदोरा कडेकडून मध्याकडे घेताना तिन्ही थर व्यवस्थित बसतात.

परतीच्या गाडीत कापडांची वाटणी झाली. अजरख वेगळ्या बादलीत, पाणी रंगायचे थांबेपर्यंत धुण्याचे काम माझ्याकडे आले आहे आणि गुरुवारी काकूंच्या गच्चीवर सगळे चौकोन जमिनीवर मांडून पाहायचे ठरले आहे. माझी इरकल मध्यभागी एकत्र ठेवावी असे धाकटीला वाटते. मला मात्र ती गोधडीभर पसरवायची आहे, कारण ते लुगडे दोन ठिकाणी फार विरले आहे आणि मजबूत सुती चौकोनांच्या मधे बसवले तर ते जास्त वर्षे टिकेल.