4.9 मीटर म्हणजे किती?

गेल्या जूनमध्ये धरमतर खाडीकाठच्या आमच्या अडीच एकर खारजमिनीला कशाकशाचा धोका आहे, ते एक्सेलमध्ये मांडायला बसलो. भरतीच्या तक्त्यात जुलैतलं मोठं उधाण 4.9 मीटरचं. नकाशावर आमचं शेत समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड मीटर. धस्स झालं. लगेच काकांना फोन.

"काका, साडेतीन मीटर पाणी चढणार!"

"मग आम्ही दर वर्षी काय झाडावर भात लावतो?"

चूक माझीच. तक्त्यातला आकडा ओहोटीच्या तळाकडच्या पातळीपासून मोजतात. मुंबईच्या बाजूला समुद्रसपाटी त्याच्या साधारण अडीच मीटर वर येते. म्हणजे नकाशाच्या मापात ते उधाण 2.4. बांध नसता तर शेतात कमरेएवढं पाणी; साडेतीन मीटर नव्हे.

पण बांध आहे म्हणून निश्चिंत राहावं, तर तसंही नाही. काकांनी मला बांधावरून चालवलं आणि खेकड्यांची बिळं दाखवली. एका बिळातून खाडीचं पाणी करंगळीएवढ्या धारेनं आत येत होतं. काकांनी त्यात पेंढा कोंबला, वर चिखल थापला, टाचेनं दाबला. बांधाला खांड, म्हणजे भगदाड, जाते ती अशा बिळापासून, म्हणाले. ती बुजवायला उशीर झाला की शेतात तिवरं उगवतात, आणि तिवरं तोडायला कायद्यानं बंदी. मग सातबारा आपला, शेत खाडीचं!

उधाण आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की उघाडी, म्हणजे बांधातलं पाणी बाहेर सोडायचं दार, बंद; पावसाचं पाणी आत तुंबतं. मी या रकान्याला लाल रंग दिला होता. काकांना त्याचं फारसं काही नाही. गोडं पाणी भात दोन दिवस सोसतो.

खरा घात झाला सप्टेंबरात, आणि त्याला माझ्याकडे रकानाच नव्हता. ऐन फुलोऱ्यात पावसानं ओढ दिली. वाफ्यातलं पाणी आटलं तसा खालचा खार वर चढला. आधी पानांची टोकं करपली, मग लोंब्या पोचट निघाल्या. एका कोपऱ्यात काकांनी पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचं 'पनवेल-3' लावलं होतं, तेवढं बऱ्यापैकी तगलं. काकांनी मातीचा खडा जिभेवर ठेवून थुंकला. मी मातीचा खारेपणा मोजायचं यंत्र लावलं: दर मीटरला 6 डेसीसायमन. 4 च्या वर गेली की जमीन खारी धरतात.

आता दोन नवे रकाने केलेत: सलग कोरडे दिवस, आणि बिळं. बिळं मोजायला रविवारी जातोय. ओहोटी बघून ये, असं काकांनी बजावलंय.