पान्हा येईपर्यंत

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात अण्णांचे गुडघे फारच धरले आणि गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरून दूध आणण्याचे त्यांचे अनेक वर्षांचे काम माझ्याकडे आले. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरापासून कट्टा चालत दहा मिनिटांवर आहे. पिशवीचे दूध दाराशी येत असताना रोज किटली घेऊन जायचे कशासाठी, असे मला मनापासून वाटत होते. पण अण्णांना डोळ्यांसमोर काढलेलेच दूध लागते आणि या वयात त्यांच्याशी त्यावरून वाद घालणे मला बरे वाटेना.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की, या कट्ट्यावर गवळी म्हशी घेऊनच येतात, गिऱ्हाईक समोर उभे राहिले की धार काढतात, आणि कोणी तिथेच ग्लासभर धारोष्ण दूध पितो तर कोणी घरी तापवण्यासाठी किटली भरून नेतो. त्यांत पंढरपुरी म्हशी पुष्कळ असतात. त्यांची तलवारीसारखी लांब शिंगे मागे पार खांद्यापर्यंत गेलेली असतात. माणसांच्या आणि गाड्यांच्या गर्दीत, थोडी थोडी करून अनेकदा धार देण्याची सवय या म्हशींना असते, आणि त्या सवयीवरच हा कट्टा उभा आहे.

पहिले काही महिने मी तिथे केवळ शरीराने उभा असे. मी हायस्कूलमध्ये गणित शिकवतो. शाळेचे निरोप, तपासायच्या वह्या, दिवसभराची कामे असे सगळे मोबाईलवर चाळत मी माझा नंबर येण्याची वाट पाहायचो. एके दिवशी माझ्या किटलीसाठी गवळीमामा धार काढायला बसले असतानाच माझा फोन मोठ्याने वाजला, मी तिथेच उभ्या उभ्या चढ्या आवाजात बोलू लागलो, आणि म्हशीने अंग आखडून घेतले. मामांचे हात थांबले.

"चोरला बघा पान्हा," ते म्हणाले. मी विचारले, आता किती वेळ लागेल? त्यावर ते म्हणाले, "ते तिच्यावर हाय, सर. आपण नुसतं गप बसायचं."

मग त्यांनी तिच्या मांडीवर हात ठेवला, कासेला पाण्याचा हात लावला आणि अंगठ्याने सड हळूहळू चोळत राहिले. बोलले काहीच नाहीत. मी फोन खिशात ठेवला. काही मिनिटांनी तिची मान सैल झाली, डोळे अर्धवट मिटले, सुरकुतलेले सड भरून आले आणि किटलीच्या तळावर पहिली धार वाजली. तो आवाज आधी पत्र्यासारखा असतो, मग फेस चढत जातो तसा मऊ होत जातो. इतके दिवस तिथे जाऊनही तो मी प्रथमच ऐकला.

घरी येऊन मी याविषयी वाचले. म्हशीचे जवळजवळ सगळे दूध कासेतल्या बारीक पुटिकांमध्ये साठलेले असते आणि ते आपण होऊन सडात उतरत नाही. कासेला ओळखीचा स्पर्श झाला म्हणजे मेंदूकडून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात येते, त्याने पुटिकांभोवतीच्या पेशी आकुंचन पावतात आणि मग दूध खाली येते. जनावर बिचकले तर ही क्रिया अडते. म्हशीला पान्हा सोडायला गाईपेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणजे दूध तिथे असतेच. ओढून मात्र ते येत नाही.

हे वाचताना मला माझा नववीचा वर्ग दिसू लागला. प्रश्न विचारून झाला की दुसऱ्याच क्षणी मी चुळबुळायचो, पुढच्या बाकावरच्या हुशार मुलाकडे वळायचो किंवा उत्तर स्वतःच सांगून टाकायचो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती तपासून दाखवले होते की, शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम 1 सेकंद थांबतात, आणि हीच वेळ 3 सेकंदांपर्यंत वाढवली तर मुलांची उत्तरे लांबतात व एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात. माझ्या सवयीचे मोजमाप कोणीतरी पन्नास वर्षांपूर्वीच करून ठेवले होते.

मी थांबायला शिकू लागलो. तीन सेकंद फार लांब असतात, हे फळ्यासमोर उभे राहिल्यावरच कळते. मागच्या बाकावरची एक मुलगी वर्षभर माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिने एका दुपारी, मी खडू हातात धरून नुसता उभा असताना, समरूप त्रिकोणांच्या एका उदाहरणात माझीच पायरी चुकल्याचे हळू आवाजात सांगितले. चूक खरोखरच होती. मला झालेला आनंद मी लपवला नाही.

घरी हे जास्त अवघड गेले. अण्णांना मी रोज विचारायचो, "गुडघा कसा आहे?" आणि ते "बरा आहे" म्हणेपर्यंत मी उठलेला असे. गेल्या मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी विचारून झाल्यावर मी त्यांच्या शेजारी पाटावर बसून राहिलो. पंख्याची घरघर बराच वेळ ऐकू येत होती. त्यांनी धोतराचा सोगा नीट केला, खिडकीकडे पाहिले आणि म्हणाले, "दुखतो रे. पण दुखण्याचं काही नाही. कट्ट्यावर जायला मिळत नाही, त्याचं वाटतं." दूध चांगले मिळते की नाही, मामांच्या थोरल्या म्हशीला काय झाले, रेडकू जगले का, असे कितीतरी मग ते विचारत गेले, आणि इतके दिवस मी फक्त किटली आणत होतो, हे माझ्या लक्षात आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा सांगितली. गंगावेशीत उतरल्यावर रस्ता ओलांडायलाच आम्हाला पाच मिनिटे लागली. मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते, तरी मी त्यांच्या दंडाला धरून त्यांच्याच पावलाने चाललो. मामांनी लांबूनच पाहिले आणि स्वतःचा स्टूल पुढे केला. अण्णा बसले. म्हशीने मान वळवून त्यांच्या शर्टाची बाही हुंगली. त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि आम्ही तिघेही पान्हा येईपर्यंत गप्प राहिलो.