एमजीबीचं ट्यूनिंग आणि व्हॅक्यूम गेजची सुई

एमजीबीसारख्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारवाल्यांच्यात दोन पार्ट्या असतात. एक टायमिंग लाइट (स्पार्क नेमका कधी पडतो ते दाखवणारा दिवा) घेऊन पुस्तकातल्या डिग्रीवर अडून बसणारी आणि दुसरी व्हॅक्यूम गेज लावून सुई जेवढी वर जाईल तेवढं भारी असं मानणारी. मी गेजवाला, पण 'सुई जेवढी वर तेवढं भारी' म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही.

आधी थोडं बेसिक. आयडलिंगला थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असतो आणि पिस्टन हवा ओढत असतात, म्हणून मॅनिफोल्डमध्ये (कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधल्या पाइपात) व्हॅक्यूम तयार होतो. गेजवर तो पाऱ्याच्या इंचात दिसतो, स्टँडर्ड कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) धडधाकट इंजिनला समुद्रसपाटीला साधारण 17 ते 21, आणि दर हजार फूट उंचीला अंदाजे एक इंच कमी धरायचा. कॅम रेसचा असेल तर हे आकडे विसरा, कमीच येणार. ब्रेक सर्वो असेल तर त्याच्या पाइपला टी लावून गेज जोडता येतो, फक्त कार्बोरेटरवर व्हॅक्यूम अॅडव्हान्ससाठी (व्हॅक्यूमने स्पार्क लवकर पाडायची सोय) जे छोटं भोक असतं तिथे लावू नका कारण ते आयडलिंगला थ्रॉटलच्या बाहेरच्या बाजूला असतं आणि तिथे जवळपास काहीच दिसत नाही.

आता खरी मजा आकड्यात नाही, सुई हलते कशी त्यात आहे, अगदी नाडी बघितल्यासारखं. सुई स्थिर आहे पण खाली आहे तर टायमिंग मागे असेल किंवा कुठून तरी हवा लीक असेल. ठरावीक तालात खाली झटका मारते तर एखादा व्हॉल्व्ह जळालाय किंवा नीट बसत नाहीये. अधूनमधून मनाला येईल तेव्हा पडते तर व्हॉल्व्ह अडकतोय किंवा प्लग मिसिंग मारतोय. आयडलिंगला थरथरते आणि रेस केल्यावर शांत होते, तर व्हॉल्व्ह गाइड झिजलेत. रेस धरून ठेवल्यावर हळूहळू खाली यायला लागली तर सायलेन्सर चोक आहे का बघा. आणि एसयू कंपनीच्या कार्बोरेटरमध्ये थ्रॉटलचा स्पिंडल झिजला की तिथूनच हवा शिरते, मग कितीही मिक्स्चर फिरवा, हाताला काही लागत नाही. म्हणून टॅपेट (व्हॉल्व्हची फट, एमजीबीला थंड इंजिनवर 15 थाऊ, म्हणजे इंचाचे 15 हजारांश) आणि लीक आधी, मग इग्निशन, कार्बोरेटर सगळ्यात शेवटी.

आता भांडणाचा मुद्दा. डिस्ट्रिब्युटर (प्लगांना स्पार्क वाटणारा भाग) फिरवून टायमिंग पुढे नेत गेलं की व्हॅक्यूम वाढतच जातो, कारण आयडलिंगला सिलेंडरमध्ये चार्ज कमी, त्यात जळका धूर मिसळलेला, तो सावकाश जळतो, त्याला स्पार्क लवकर हवाच असतो. पण तेच टायमिंग फुल लोडला चढावर नेलं की इंजिन नॉकिंग करणार, आणि ते चालू राहिलं की पिस्टनची वाट लागते. शिवाय आरपीएम वाढले की डिस्ट्रिब्युटरच्या आतली टायमिंग पुढे नेणारी वजनंही उघडायला लागतात आणि आपण फसतो. म्हणून व्हॅक्यूम अॅडव्हान्सचा पाइप काढून बंद करायचा, दरवेळी आयडल परत खाली आणायचं, सगळ्यात वरचा आकडा सापडला की तिथून साधारण एक इंच मागे यायचं, आणि मग टायमिंग लाइट लावायचाच. पुस्तकापेक्षा एकदोन डिग्री पुढे असेल तर ठीक, पण फारच पुढे गेलं असेल तर डिस्ट्रिब्युटर खोलून त्या वजनांच्या स्प्रिंगा बघा.

दोन एसयू असतील तर अजून एक गोम आहे, मॅनिफोल्डला बॅलन्स पाइप असतो त्यामुळे गेज दोघांचा मिळून एकच आकडा दाखवतो, कुठला कार्बोरेटर जास्त ओढतोय ते कळत नाही. त्यासाठी रबरी नळी कानाला लावून दोन्हीकडचा आवाज सारखा करायचा, नाहीतर फ्लो मीटर. मिक्स्चरला मात्र गेज झकास चालतो. एचएस टाइपच्या एसयूला खालचा नट एकेक फ्लॅट (नटाची एक बाजू) फिरवायचा, दोन्हीकडे सारखाच, खाली म्हणजे रिच (पेट्रोल जास्त) आणि वर म्हणजे लीन (पेट्रोल कमी). सुई स्थिर आणि वर दिसली की लिफ्टिंग पिनने कार्बोरेटरमधला पिस्टन अगदी किंचित उचलायचा. आरपीएम वाढून तसेच राहिले तर रिच, इंजिन बसायला लागलं तर लीन, किंचित वाढून परत जागेवर आले तर बरोबर. मध्ये बराच वेळ गेला तर एकदा गाडी रेस करून घ्या, नाहीतर प्लग काळे होतात आणि गेज भलतंच सांगायला लागतो.

शेवटी व्हॅक्यूम अॅडव्हान्सचा पाइप परत जोडून टॉप गिअरमध्ये कमी स्पीडला चढावर फुल थ्रॉटल द्यायचा. खडखडलं तर डिस्ट्रिब्युटर अजून थोडा मागे घ्यायचा, गेजवर आकडा कमी झाला तरी.