मामाची ग्रासहॉपर

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातलं मामाचं घर पुनर्विकासाला जायचं ठरलं आणि फेब्रुवारीत आम्ही माळा रिकामा करायला घेतला. पितळेचं घंगाळ, फाटक्या जाळ्याची गाठोडी, मामीची शिवणयंत्राची पेटी, आणि सगळ्यात मागे, कोपरे उंदरांनी कुरतडलेलं एक खोकं. झाकणावरचं चित्र मी लगेच ओळखलं. मामा बोटीवर नोकरीला होता, १९८६ साली त्याने ती योकोहामाहून आणली होती. टॅमिया या जपानी कंपनीची रिमोटवर पळणारी गाडी, ग्रासहॉपर. मी सात-आठ वर्षांची असताना मला तिला हात लावायची परवानगी नव्हती, मागे मागे पळायची मात्र होती.

"घेऊन जा," मामा म्हणाला. "चालली तर एकदा मला चालवायला दे. शोभेला ठेवायची असेल तर नको नेऊस."

ही अट मी मनावर घेतली. पुढचे चार महिने जेव्हा जेव्हा प्रश्न पडला, तेव्हा उत्तर तिथूनच मिळालं: चालण्यासाठी जे लागेल ते बदलायचं, दिसण्यासाठी काहीही नाही.

ग्रासहॉपर १९८४ मध्ये बाजारात आली. एकास दहा प्रमाणातली, मागच्या चाकांना ओढ असलेली बग्गी. तिची सख्खी बहीण हॉर्नेट त्याच वर्षीची. हॉर्नेटला मोठी ५४० मोटर आणि मागे धक्के शोषणारे तेलाचे शॉक, ग्रासहॉपरला लहान ३८० मोटर आणि मागे नुसत्या स्प्रिंगा. त्यामुळे खडबडीत जागेवर ग्रासहॉपरचा मागचा भाग सारखा उडतो, नाकतोड्यासारखा. नाव अगदी शोभतं. २००५ मध्ये कंपनीने हीच गाडी पुन्हा काढली, म्हणून आजही तिचे बरेच सुटे भाग नवे मिळतात. चाळीस वर्षांपूर्वीच्या वस्तूच्या बाबतीत हे भाग्य फार कमी वेळा लाभतं. मात्र बाहेरून मागवायचं तर हिशेब करून मागवावं. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. मी यादी तीनदा खोडली आणि फक्त टायर, बेअरिंग आणि एक गिअर ठेवला.

खोलायला बसले तेव्हा पहिला धडा स्क्रूंनी दिला. जपानी स्क्रूची फुली आपल्या नेहमीच्या फुलीच्या पेचकसाशी नीट जुळत नाही. पेचकस वर उसळतो आणि डोकं गुळगुळीत होतं. दोन स्क्रू असे बिघडवल्यावर मी हात आवरला आणि जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाचा पेचकस आणला. चासीतले स्क्रू सरळ प्लास्टिकमध्येच आटे पाडून बसतात. ते परत बसवताना आधी उलटे फिरवायचे. एका क्षणी स्क्रू बारीकसा 'टक' करून खाली बसतो, म्हणजे जुना आटा सापडला. मग सुलटा पिळायचा, तोही हलक्या हाताने. असं केलं नाही तर दर वेळी नवा आटा पडतो आणि तीन-चार वेळांत भोकाची चाळण होते. खाडीच्या खाऱ्या हवेने बहुतेक स्क्रू गंजले होते, ते स्टेनलेसचे घातले. एवढी सूट मी स्वतःला दिली.

त्या काळी गाडीतल्या रिसीव्हरला, म्हणजे रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या भागाला, वेगळे चार पेन्सिल सेल लागायचे आणि रिमोटला आठ. दोन्हीकडे कोणीतरी सेल तसेच ठेवून दिले होते. हिरवट-पांढरा पापुद्रा पत्र्यांवर चढला होता. व्हिनेगरच्या बोळ्याने तो सुटला, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतलं. थिनर चुकूनही वापरू नये. या गाडीची बॉडी कडक पॉलिस्टायरीनची आहे, थिनरने ती विरघळते.

गिअरबॉक्समधलं ग्रीस तपकिरी मेणासारखं घट्ट झालं होतं. दाढीच्या ब्रशने, टूथब्रशने, शेवटी आगपेटीच्या काडीने एकेक दात मोकळा केला. एका गिअरचे तीन दात झिजून टोकदार झाले होते, तोच बदलला. बाकीचे चाळीस वर्षांपूर्वीचे आहेत तसेच आत आहेत. प्लास्टिकच्या बुशांच्या जागी बॉल बेअरिंग बसवली: बाहेरचा व्यास ११ मिलिमीटर, आतला ५, जाडी ४. चाकाला बोटाने टिचकी मारली की आधी ते अर्धा फेरा घेऊन थांबायचं, आता मी दहा मोजेपर्यंत फिरत राहतं.

पुढच्या एका चाकाचा लोखंडी दांडा वाकलेला होता. नवा मागवायचं मनात होतं. मामा म्हणाला, "वागळे इस्टेट पायाशी आहे आणि तू जपानकडे कशाला बघतेस?" खरंच होतं. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली तेव्हा वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत, आणि तिथल्या गल्ल्यांत लेथवाले अजून आहेत. ज्यांच्याकडे गेले ते काका मोठे शाफ्ट करणारे. एवढासा दांडा पाहून ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी तो लेथच्या चकमध्ये धरला, वाकडेपणा दाखवणारा डायल लावला, हाताने हळूहळू फिरवत काटा कुठे उडतो ते खडूने टिपलं आणि तिथेच तांब्याच्या ठोकळीने दोन हलके ठोके दिले. पुन्हा डायल. पुन्हा एक ठोका. दहा मिनिटांनी काटा जागचा हलेना. पैसे घेईनात. "गाडी चालली की व्हिडिओ दाखवा," एवढंच म्हणाले.

आता मोटर. गाडी मुळीच हलत नव्हती, त्यामुळे मोटर गेली असं मी धरून चालले होते. सुदैवाने मागवण्याआधी तिला थेट दोन वायरी लावून पाहिल्या आणि ती गुणगुणली. मग दोष कुठे? या गाडीत वेग यांत्रिक पद्धतीने बदलतो: सर्व्हो, म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यावर वळणारी छोटी मोटर, एक छोटा हात फिरवते, तो हात धातूच्या पट्ट्यांवरून सरकतो. कमी वेगाच्या पट्टीवर वीज रेझिस्टरमधून जाते आणि बरीचशी उष्णतेत संपते. त्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. मुलीच्या कंपासपेटीतल्या खोडरबराने त्या घासल्या, तांबूस चमक दिसेपर्यंत. मोटरच्या दोन्ही टोकांना शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब. जोडलं, आणि चाकं फिरली. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी स्वयंपाकघरात एकटीच उभी राहून चाकांकडे बघत होते.

तरीही तो यांत्रिक भाग मी गाडीत ठेवला नाही, आणि जुना २७ मेगाहर्ट्झचा रिमोटही नाही. ते चालत होते, पण पट्टीवर तो हात चिकटला तर गाडी पूर्ण वेगाने सुटते आणि तिला थांबवायचा मार्ग उरत नाही. मैदानावर लहान मुलं असतात. म्हणून इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोल आणि २.४ गिगाहर्ट्झचा संच घेतला. त्यात फेलसेफ लावता येतो: सिग्नल तुटला की गाडी आपोआप थांबते. नवा संच घेतल्यावर हे स्वतः लावून तपासावंच. चाकं वर धरायची, गती द्यायची आणि रिमोट बंद करायचा. चाकं थांबली तरच गाडी जमिनीवर ठेवायची. काढलेले जुने भाग पिशवीत घालून, चिठ्ठी लावून खोक्यात ठेवले आहेत.

यानंतर माझ्या हातून मोठी चूक झाली. मी दोन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी आणली. स्पीड कंट्रोलवर एक छोटा जंपर असतो, बॅटरीचा प्रकार सांगणारा. तो निकेलवर राहिला होता. लिथियमचा सेल साधारण ३ व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचा नसतो, जंपर नीट असता तर कंट्रोलने आधीच वीज तोडली असती. गाडी मंदावली तरी मी फिरवत राहिले. घरी येऊन मोजलं तर एक सेल २.४ व्होल्ट, आणि बॅटरी उशीसारखी फुगलेली. अशी बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही, पेट घेऊ शकते. वाळू भरलेल्या मातीच्या कुंडीत ती गॅलरीत दोन दिवस ठेवली आणि मग ई-कचऱ्यात दिली. त्या दोन रात्री मला झोप लागली नाही. घरात मूल आहे, आणि मी सूचनांचा कागद न वाचता घडी घालून ठेवला होता, हे मनातून जाईना. आता गाडीत सहा सेलची ७.२ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी आहे. ही गाडी मुळात ७.२ व्होल्टवर चालण्यासाठीच बनली आहे. वेग पुरेसा आहे, आणि बॅटरी संपत आली की गाडी आपणहून मलूल होते.

राहिली बॉडी. पांढऱ्याची पिवळी झाली होती. उपाय मला माहीत होता: पार्लरच्या सामानाच्या दुकानात ४० व्हॉल्यूमचं क्रीम डेव्हलपर मिळतं, म्हणजे १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. ते लावून, प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून कडक उन्हात ठेवायचं. मे महिना होता, ठाण्याच्या गच्चीवर उन्हाला तोटा नव्हता. चासी तशी धुऊन घेतली, कारण भेगा आहेत का ते नीट दिसायला हवं होतं. मग बॉडी हातात घेतली. तिच्यावरचे स्टिकर मामाने बोटीवरच्या केबिनमध्ये बसून चिकटवलेले. डावीकडचा तिरका आहे, बहुधा समुद्र खवळलेला होता. आत बसवलेल्या चालकाच्या बाहुल्याचं हेल्मेट माझ्या आईच्या नेलपेंटने रंगवलेलं, आणि नेलपेंटमधल्या द्रावकाने प्लास्टिक किंचित चरलेलं. भिंगातून पाहिलं तर ब्रशचा प्रत्येक फराटा कोरल्यासारखा दिसतो. स्टिकर काढल्याशिवाय पेरॉक्साइड लावता येत नाही आणि काढले तर ते परत लागत नाहीत. क्रीमची बाटली मी बंद केली. बॉडीला पुढे एक तडा होता, तो प्लास्टिकच्या सिमेंटने सांधला आणि आतून एक पट्टी चिकटवली. पिवळेपणा तसाच आहे.

जूनच्या पहिल्या रविवारी, पाऊस सुरू व्हायच्या आत, मामाला सेंट्रल मैदानावर घेऊन गेले. सकाळी सहाला, क्रिकेटवाले येण्याआधी. येऊरला जाऊ असं मुलगी म्हणत होती, पण ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिथे गाडी उडवायची नसते.

मी घेतलेला रिमोट पिस्तुलासारखा, बाजूला स्टिअरिंगचं चाक असलेला. मामाने तो हातात घेतला आणि त्याचे दोन्ही अंगठे हवेतच काहीतरी शोधत राहिले. जुन्या रिमोटला दोन दांड्या होत्या, डावी वेगाची, उजवी वळणाची. गाडी पन्नास पावलं गेली, दगडाला अडली, उलटली. त्याने रिमोट मला परत दिला. "तू चालव, मी बघतो."

हे मला चालणार नव्हतं. पुढच्या आठवड्यात तो रिमोट विकला आणि त्याच बँडवरचा दोन दांड्यांचा घेतला. पावसाने उघडीप दिली त्या शनिवारी आम्ही परत गेलो. माती ओलसर, दाबलेली. मामाने चष्मा कपाळावर सरकवला, अंगठे दांड्यांवर ठेवले आणि गाडी सुटली. पहिल्या वळणाला मागचा भाग घसरला, दुसऱ्या वळणाला त्याने तो सावरला. खेळपट्टीच्या कडेच्या उंचवट्यावरून ती हवेत गेली, मागच्या चाकांवर आदळली, दोनदा उसळली आणि पुढे निघाली. माझी मुलगी तिच्या मागे पळत होती.

पंधरा मिनिटांनी मी थांबवलं, मोटरला बोट लावून पाहिलं. गरम होती, पण बोट टिकत होतं.

"अजून उडते गं तशीच," मामा म्हणाला, आणि विचारलं, "दुसरी बॅटरी आणलीयस ना?"