पाऊण तिकीट

शुक्रवार. वाई. रात्रीचे सव्वाअकरा.

दादा झोपलाय, त्याचं घोरणं ओसरीपर्यंत ऐकू येतंय. आईच्या खोलीतला दिवा चालू आहे. म्हणजे ती जागी आहे, आणि मी जागी आहे हे तिलाही माहीत आहे. पण आज दोघींपैकी कुणी उठून दुसरीकडे जाणार नाही.

साताऱ्याला सुनावणी झाली. सुनावणी म्हटलं की उगाच काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटतं. काम एवढंच होतं की दादाची कायदेशीर पालक म्हणून माझं नाव लागावं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती सोय आहे. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेला माणूस १८ वर्षांचा झाला की जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती त्याला पालक नेमून देते. दादाला १८ पूर्ण होऊन ३० वर्षं झाली. आम्ही आत्ता गेलो. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, त्यांचं कुटुंबनिवृत्तिवेतन आईला मिळतं. आईनंतर ते दादाला मिळू शकतं, पण त्याच्या वतीने व्यवहार बघणारं कुणीतरी लागेल. आई ७६ ची आहे. तिने हे सगळं भाजी निवडता निवडता सांगितलं होतं, म्हणून मी पुढचे काही महिने ऐकलंच नाही.

सकाळी जायचं कसं यावरून वाद. मी काल रात्री गाडी घेऊन आले होते, ती फाटकात उभीच होती. पण दादा "एसटी" म्हणाला आणि चपला घालून रस्त्यावर जाऊन उभा राहिला. गाडीला तिकीट नसतं ना. त्याच्या दृष्टीने तिकीट नाही तो प्रवासच नव्हे. मग गेलो एसटीने. आई पंचाहत्तरीपुढची म्हणून फुकट, दादाचं पाव, माझं बाईमाणूस म्हणून अर्धं. कंडक्टरने मशीनमधून तीन कागद काढले आणि म्हणाला, "तिघांचं मिळून पाऊणच की हो, मावशी!" आईसुद्धा हसली. तिन्ही तिकिटं दादाने लगेच ताब्यात घेतली.

बायकांना अर्धं तिकीट झालं ते मार्च २०२३ पासून. त्याआधी माझं तिकीट अर्धं व्हायचं ते फक्त दादा बरोबर असला की. ६५ टक्क्यांच्या वर अपंगत्व असलं तर साथीदारालाही निम्मी सवलत, आणि दादाच्या दाखल्यावर ७५ आहे. (दाखल्यावर आता 'दिव्यांग' छापतात, आमच्या घरात अजून अपंगच म्हणतात, दादाला दोन्हींशी देणंघेणं नाही.) त्याला फिटच्या औषधांसाठी पुण्याला नेऊन आणायचं काम माझ्याकडे असायचं. आई पूर्ण भाडं हातात ठेवायची. उरलेले पैसे मी कधी परत दिले नाहीत. स्वारगेटला उतरलं की त्यातून मी मिसळ खायचे. त्याला तिखट चालत नाही, म्हणून त्याला नुसता पाव चहात बुडवून. बहीण भावाला डॉक्टरकडे नेते याचं शेजारी कौतुक व्हायचं, ते वेगळं.

हे कौतुक फार वाईट. म्हणजे मला फार आवडतं. सासरी हळदीकुंकवाला कुणीतरी म्हणतंच, "भावाचं किती करते हो ही!" मी महिन्यातून एक शनिवार-रविवार येते. त्याला दाढीला बसवते, नखं कापते, एक फोटो काढते. उरलेले २८ दिवस आई त्याला अंघोळ घालते. ४८ वर्षांच्या, तिच्यापेक्षा वजनदार माणसाला, संधिवाताच्या हातांनी. तिला कुणी किती करते म्हणत नाही. ती आई आहे, तिने करायचंच.

समितीतले साहेब चांगले होते. दादाशी थेट बोलले. दादा समोर असताना "याला काय काय समजतं?" असं आम्हाला विचारणारेच जास्त भेटतात.

"ही कोण तुमची?"

"छोटी."

"आईनंतर ही सांभाळेल ना तुम्हाला?"

दादाने खालचा ओठ आत घेतला. विचार करायचा असला की तो असं करतो. माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "ती पुण्याला असते."

त्यात तक्रार नव्हती. पोस्टमनला शेजारच्यांचा पत्ता सांगावा तसं सांगितलं त्याने. साहेब हसले, समितीतल्या बाईही हसल्या. आई पर्सची चेन उघडून काहीतरी शोधायला लागली. पर्समध्ये रुमाल आणि किल्लीशिवाय काही नसतं, मला माहीत आहे. मी काहीतरी बोलले. महिन्याला येते, पुढे इकडेच बदली मागणार आहे, वगैरे. बदलीचं मी अजून घरात नवऱ्याशीसुद्धा बोललेले नाही.

तसं पाहिलं तर माझी नेमणूक आज झालीच नाही, ती १९८१ सालीच झाली. दादा जन्मल्यावर रडला नाही. काय झालंय ते कळायला दोन-अडीच वर्षं गेली, आणि मग सगळे आईला सांगायला लागले, आता दुसरं होऊ दे, याला पुढे कुणीतरी हवं. मोठ्या आत्याने हे मला मी चौथीत असताना सांगितलं, लाडाने, केस विंचरताना. "तुला यासाठीच आणलीय हो आम्ही." मला तेव्हा भारी वाटलं होतं, हे खरं आहे. वर्गात कुणालाच कशासाठी म्हणून आणलेलं नव्हतं. ते ओझं आहे हे कळायला आणखी बरीच वर्षं लागली, आणि आत्याशी त्यावरून भांडायचं ठरवलं तोवर ती गेली होती.

आणखी एक लिहून टाकते, नाहीतर आजचं सगळं अर्धवट होईल. गेल्या दिवाळीत चकल्या तळताना आई म्हणाली, "माझ्या आधी तो गेला तर सुटेन." मी म्हटलं, असं बोलू नये गं. पण ते म्हणायच्या आधी, अगदी झारा कढईतून वर येईपर्यंतच्या वेळात, मलाही सुटल्यासारखं झालं होतं. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. दादाने, तो कामाला जातो त्या अपंगांच्या कार्यशाळेत स्वतः चिकटवलेल्या पाकिटात घालून दहाची नोट ओवाळणी घातली. त्याच्या मानधनातली. मी त्याच्याकडे न बघता ओवाळलं.

झोप येईना म्हणून आता यादी करायला बसले. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत पालकाने त्या व्यक्तीची मालमत्ता लिहून द्यावी लागते, आणि दरवर्षी मार्च संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. आदेश अजून हातात आलेला नाही, पण कच्ची यादी व्हायला काय हरकत आहे.

स्थावर: नाही.

जंगम: बँकेतलं खातं. अण्णांचं एचएमटी घड्याळ, ज्याला तो रोज सकाळी किल्ली देतो. वेळ त्याला कळत नाही, पण किल्ली द्यायची ही त्याची जबाबदारी आहे, आणि ती त्याने एक दिवसही चुकवलेली नाही. कार्यशाळेतली बोथट कात्री. बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

डबा आज पहिल्यांदा उघडला. तिकिटांचा आहे, एवढंच माहीत होतं. मी दारात आले की तो हात पुढे करतो, "तिकीट?" गाडीने आले रे, म्हटलं की हात मागे घेतो आणि आत जातो. मला वाटायचं, छंद आहे, असतात असे लोक.

वरच्या थरात आईची, मामाची, कुणाकुणाची तिकिटं नुसती टाकलेली. त्याखाली माझ्या शाळेतल्या लाल रिबिनीने बांधलेला एक गठ्ठा. तळाशी पातळ रंगीत कागदाची, कंडक्टरने चिमट्याने भोकं पाडलेली जुनी. वर मशीनची. मशीनची शाई उडून जाते, बरीचशी कोरी झालीत, तरी त्याने सरळ करून ठेवलीत. स्वारगेट-वाई, स्वारगेट-वाई. ज्यांवर तारीख दिसते त्यांतलं शेवटचं गाडी घ्यायच्या आधीच्या आठवड्यातलं.

गाडी घेऊन सहा वर्षं झाली.

त्याच्या वर फक्त आजची दोन, जातानाचं आणि येतानाचं. माझीच, अर्धी. तिघांच्या तिकिटांतून नेमकी माझी त्याने कशी वेगळी काढली कोण जाणे, त्याला वाचता येत नाही.

गठ्ठा दोनदा मोजला. एकदा ११२ भरली, एकदा ११३. रिबिनीची गाठ मला त्याच्यासारखी जमेना.

यादीत लिहिलं: एसटीची तिकिटं, नग ११२ किंवा ११३. उद्या त्यालाच विचारते.