आषाढीला सुरुवात केली तर गणपतीपर्यंत दातांचं काम होतं

आषाढी एकादशी ते गणेश चतुर्थी, मध्ये साधारण साडेसात आठवडे असतात. अधिक श्रावण किंवा अधिक भाद्रपद आला तर महिनाभर जास्त. तोंडाचं काम नीट करून घ्यायला एवढा वेळ पुरतो. पण चाकरमानी गावी उतरणार चतुर्थीच्या आदल्या दिवशी, आणि गौरी जेवल्या की दवाखान्यात येऊन विचारणार, ‘चार दिवसांत दात पांढरे होतील ना?’ चार दिवसांत पांढरे करता येतातही. पण हिरड्या सुजलेल्या, दाढेला कीड, दातांवर खडी, आणि वर पांढरेपणा, म्हणजे ओल धरलेल्या चिऱ्याच्या भिंतीला रंग देण्यासारखं आहे.

पहिलं काम तपासणी आणि एक्स-रे, लगेच पाठोपाठ स्केलिंग, म्हणजे दातांवर साचून टणक झालेली खडी काढणं. स्केलिंगचं यंत्र पाण्याचा फवारा मारत कंपनांनी खडी फोडतं. दात घासत किंवा कापत नाही. साध्या तोंडाला अर्धा-पाऊण तास लागतो. त्यानंतर दातांत फटी दिसतात, गार पाणी झिणझिणतं आणि घरी आल्यावर लोक म्हणतात, ‘साफ करून घेतले आणि दात सैल झाले.’ खरं म्हणजे फट आधीपासूनच असते. तिच्यात खडी बसलेली असते आणि वरून सुजलेली हिरडी. खडी निघाली, सूज उतरली की फट उघडी पडते. झिणझिण चार-आठ दिवसांत कमी होते. हिरडी दातापासून सुटून ५ मिलिमीटर किंवा त्याहून खोल कप्पे झाले असतील, तर भूल देऊन हिरडीखालची खोल सफाई करावी लागते आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा मोजून बघावं लागतं. आषाढीचा मुहूर्त सांगण्याचं मुख्य कारण हेच. मधुमेह असेल तर साखरेचा ताजा रिपोर्ट बरोबर न्या. साखर हाताबाहेर असली तर हिरड्या भरून येत नाहीत, कितीही साफ करा.

आपल्याकडचा डाग बहुतेक वेळा मिश्रीचा. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू कुटून सकाळ-संध्याकाळ हिरड्यांवर चोळायची, आणि वर म्हणायचं की दात घट्ट राहतात. दंतमंजन-टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार? बोट जिथे फिरतं तिथे हिरडी खाली सरकते, दाताची मान उघडी पडून झिजते, आणि तंबाखू रोज त्याच जागी लागत असल्याने कर्करोगाचा धोकाही तिथेच वाढतो. स्केलिंगने मिश्रीचा डाग तासाभरात जातो. मिश्री चालू ठेवली तर काही आठवड्यांत परत येतो. सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवणारा सरकारी फोन मोफत आहे. घरातल्या आजीला मात्र ‘घाण आहे’ म्हणून हिणवू नका. तिची ती सवय पन्नास वर्षांची असते.

सुपारीची गोष्ट वेगळी आणि जास्त वाईट. श्रीवर्धनची असो नाहीतर आणखी कुठली, सतत चघळली की गालाच्या आतली त्वचा पांढुरकी आणि ताठ होत जाते, तिखट झोंबायला लागतं, तोंड कमी उघडतं. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांत घालून बघा. जात नसतील तर दात पांढरे करणं बाजूला ठेवा आणि आधी हे दाखवा. तोंडच उघडत नसेल तर मागच्या दाढेपर्यंत डॉक्टरांचं हत्यारही पोचत नाही.

आंबटाबद्दल थोडं. तोंडातला पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं वरचं आवरण विरघळायला लागतं, आणि कोकमाचं आगळ, कैरी, लिंबू सगळेच त्याच्या खूप खाली. पण म्हणून कोकम सरबत सोडायचं नाही, प्यायची पद्धत बदलायची. एक ग्लास तासभर घोट-घोट घेत बसण्यापेक्षा जेवणाबरोबर सोलकढी संपवणं दातांना सोपं. नंतर साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास ब्रश लावू नका, कारण मऊ पडलेलं आवरण ब्रशने खरवडून निघतं. लिंबू-सोडा चोळून दात पांढरे करायचा जो उपाय फोनवर फिरतो, त्यात आम्ल आणि घासणं दोन्ही एकदमच होतं. कोळशाची पूड आणि राखुंडी फक्त घासतात; आवरण पातळ झालं की आतला पिवळा थर जास्तच दिसतो.

किडलेली दाढ असेल तर तिचं काम पांढरेपणाच्या आधी. रूट कॅनालमध्ये भूल देतात, दातावर रबराचा पडदा लावतात, आतली नस काढतात, नळ्यांची लांबी मोजतात, बारीक फाइलने आणि सोडियम हायपोक्लोराइट या जंतू मारणाऱ्या द्रावाने नळ्या साफ करतात आणि गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाने भरतात. दाढेत बहुधा तीन-चार नळ्या असतात. एक राहिली की दुखणं परत येतं, म्हणून शेवटचा एक्स-रे मागून घ्या. काम बिघडतं ते मात्र बहुतेक त्यानंतर. दुखणं थांबलं की माणूस कॅप बसवायला येत नाही. तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांत झिजून गळायला लागतं, लाळ आत शिरते, आणि एखाद्या दिवशी सुपारीच्या खांडावर दाढ उभी चिरते. उभी चिरलेली दाढ सहसा काढावीच लागते. कॅपचं माप लॅबला जाऊन यायला आठवडाभर धरा. पावसाळ्यात वीज गेली तर खुर्ची-कॉम्प्रेसर बंद, म्हणून निघण्याआधी फोन करा.

पैशांची ओढाताण असेल तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडला दंत महाविद्यालय आहे. शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो, खर्च कमी.

आता पांढरेपणा. घरी करायच्या पद्धतीत तुमच्या दातांच्या मापाचा पारदर्शक साचा करतात. त्यात प्रत्येक दाताच्या जागी तांदळाच्या दाण्याएवढं १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल घालून रात्री लावायचं, दोन ते तीन आठवडे. जास्त जेल घातलं म्हणून दात जास्त पांढरे होत नाहीत, हिरडी भाजते. झिणझिण वाढली तर एक दिवसाआड लावा. कॅप आणि सिमेंटचा रंग या जेलने बदलत नाही. म्हणून पुढच्या दातांत नवं सिमेंट किंवा कॅप करायची असेल तर आधी पांढरे करा, दोन आठवडे थांबा, रंग स्थिरावू द्या, आणि मग त्या रंगाला जुळवून घ्या. हा क्रम उलटा केला की एक दात वेगळाच दिसतो आणि नेमका आरतीच्या फोटोत.

व्हिनिअरबद्दल, म्हणजे दातावर पुढून चिकटवायच्या पातळ पापुद्र्याबद्दल, आमचं मत जरा कडक आहे. त्यासाठी दाताचं साधारण अर्धा मिलिमीटर आवरण घासतात, ते परत येत नाही. पंचविशीतल्या निरोगी, नुसत्या पिवळसर दातांवर व्हिनिअर सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा.

रोजचं फारसं अवघड नाही. मऊ ब्रश, वाटाण्याएवढी पेस्ट, दोन मिनिटं, दोन वेळा. त्यातली रात्रीची चुकवू नका. भारतात पेस्टमध्ये फ्लोराइड जास्तीत जास्त १००० पीपीएम असू शकतं, नळीवर त्याच्या आसपासचा आकडा बघून घ्या. घासून झाल्यावर थुंका, पाण्याच्या चुळा भरत बसू नका. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट.

रात्री दाढ दुखली तर लवंग तेलाचा कापूस खड्ड्यात ठेवा, हिरडीवर नको. बिब्बा किंवा काजूच्या टरफलाचं तेल अजिबात लावू नका, कातडी जळते. गोळी गिळायची असते, दाढेशी दाबून धरायची नसते. गाल सुजला, ताप आला, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला तर सकाळची वाट न पाहता जवळचं मोठं रुग्णालय गाठा.

दात काढायचाच असेल तर परतीच्या बसच्या दिवशी काढू नका. कापूस अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा, चोवीस तास थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉने ओढायचं नाही, तंबाखू-विडी नाही. रक्ताची गुठळी सुटली तर खरं दुखणं दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सुरू होतं आणि तोवर तुम्ही मुंबईत पोचलेले असता. गावाला सात दिवस असाल तर पहिल्या-दुसऱ्या दिवशीच काढून घ्या, म्हणजे ते दिवस दवाखान्याच्या जवळ जातील. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका. चिठ्ठी घेऊन जा आणि खुर्चीत बसण्याआधी दाखवा.